पटावरचे नाव आणि वर्गातले मूल

शाळेच्या हजेरीपटावर दोन गोष्टींची नोंद असते. डाव्या बाजूस मुलाचे नाव आणि त्यापुढील चौकटींत ते मूल त्या त्या दिवशी आले की नाही, याची खूण. नाव वर्षातून एकदा लिहावे लागते, खूण मात्र दररोज करावी लागते. आपल्याकडे शिक्षणप्रसाराची चर्चा दीर्घकाळ नावाभोवतीच फिरत राहिली. किती मुले दाखल झाली, पट किती टक्क्यांनी वाढला, यांचे आकडे आपण अभिमानाने सांगितले. दाखल झालेले मूल वर्षभर वर्गात बसले का, हा प्रश्न त्यामानाने उशिरा विचारला गेला.

हा प्रश्न किती मोठा आहे हे एका साध्या हिशेबाने कळेल. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळा वर्षातून किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीच्या किमान २२० दिवस चालल्या पाहिजेत. पहिलीतले एखादे मूल आठवड्याच्या पाच दिवसांपैकी फक्त एक दिवस घरी राहते असे समजू. कोणालाही ते फार खटकणार नाही. पण वर्षाअखेरीस त्याचे ४० दिवस बुडालेले असतात आणि पाचवी संपेपर्यंत २०० दिवस, म्हणजे अख्खे एक वर्ष! प्रगतिपुस्तकावर ते मूल पाच वर्षे शिकलेले दिसते. प्रत्यक्षात ते चारच वर्षे शिकलेले असते.

दुसरा हिशेब थोडा फसवा आहे. एका वर्गात ४० मुले आहेत आणि वर्षाची सरासरी उपस्थिती ९० टक्के आहे. हा आकडा समाधानकारक वाटतो. परंतु त्यामागे दोन अगदी भिन्न चित्रे असू शकतात. एका चित्रात प्रत्येक मूल वर्षातून वीस दिवस गैरहजर असते, कधी ताप, कधी गावची जत्रा, कधी मामाचे लग्न. दुसऱ्या चित्रात ३६ मुले रोज येतात आणि ४ मुले कधीच येत नाहीत. तपासनीस सरासरी पाहून सही करतो. त्या चार मुलांची नावे मात्र सरासरीत विरघळून जातात. म्हणून उपस्थितीचा विचार वर्गाच्या सरासरीवरून करू नये, एकेका मुलाच्या नावावरून करावा, असे या विषयाचे जाणकार सांगतात आणि ते योग्यच आहे.

इथे 'गळती' हा शब्द जरा तपासून पाहिला पाहिजे. शिक्षणक्षेत्रात तो इतका रुळला आहे की मूल शाळेतून एखाद्या दिवशी अचानक गळून पडते, असे वाटू लागते. वास्तविक तसे घडत नाही. मूल आधी सोमवारी येत नाही, मग सोमवार आणि मंगळवार येत नाही. आल्यावर फळ्यावरचे गणित त्याला कळत नाही. न कळल्यामुळे यावेसे वाटत नाही. न आल्यामुळे आणखी कळेनासे होते. गळती ही या साखळीची शेवटची कडी होय. मग मूल 'शाळाबाह्य' केव्हा मानायचे? याचे उत्तर आपल्या देशात एकच नव्हते. २०१० नंतरच्या दशकात गुजरातमध्ये त्यासाठी तीन महिन्यांची गैरहजेरी धरली जात होती, केरळमध्ये पंधरा दिवसांची आणि कर्नाटकात सलग सात दिवसांची. महाराष्ट्राने महिनाभराची मुदत ठेवली होती. ही केवळ कागदोपत्री भिन्नता नव्हती. तीन महिन्यांनी चौकशीस निघालेल्या शिक्षकाला बहुधा कुलूप लावलेले घर सापडते. सात दिवसांनी निघालेल्याला निदान मूल सापडण्याची आशा असते.

कर्नाटकातील सात दिवसांच्या या मुदतीमागे न्यायालयाचाही रेटा होता. २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने शाळाबाह्य मुलांचा प्रश्न वृत्तपत्रातील बातमीवरून स्वतःहून सुनावणीस घेतला होता. या राज्याच्या राजधानीत, बंगळूरच्या पूर्व टोकाला, व्हाइटफील्ड नावाचा भाग आहे. मूल वर्गात का पोहोचत नाही, हे समजून घेण्यासाठी त्याच्याइतके बोलके ठिकाण दुसरे क्वचितच असेल.

म्हैसूरच्या महाराजांनी १८८२ मध्ये अँग्लो-इंडियन आणि युरेशियन समाजाच्या संघटनेला शेतीवसाहतीसाठी येथे जमीन दिली आणि संघटनेचे प्रमुख डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून वसाहतीला व्हाइटफील्ड हे नाव पडले. पुढे शंभर वर्षे ती शांत, झाडीत लपलेली वस्ती होती. १९९० च्या दशकात तंत्रज्ञान उद्यानाची उभारणी सुरू झाली आणि चित्र पालटले. काचेच्या इमारती, वीस-वीस मजली गृहसंकुले, रुंद होत जाणारे रस्ते आणि अखेर २०२३ मध्ये मेट्रो. मराठी कुटुंबेही नोकरीनिमित्त येथे मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या मुलांची शाळेची बस सकाळी फाटकाशी येते. उपस्थितीचा प्रश्न त्यांच्या घरी सहसा उद्भवत नाही.

तो उद्भवतो त्याच फाटकापलीकडे, पत्र्याच्या खोल्यांत. या इमारती उभारणारे मजूर उत्तर कर्नाटकातील कलबुर्गी, यादगीर, रायचूर अशा कोरडवाहू जिल्ह्यांतून येतात, तसेच आंध्र, ओडिशा, बिहार आणि बंगालमधूनही येतात. आईवडील दोघेही सकाळी कामावर जातात. मागे उरते आठ-दहा वर्षांची मुलगी आणि तिच्या कडेवर वर्षभराचा भाऊ. पाण्याचा टँकर केव्हा येईल याचा नेम नसतो. तो आला की घागरी भरून ठेवणारे कोणीतरी घरी हवेच. शाळा दीड किलोमीटरवर असली तरी वाटेत ट्रक आणि पाण्याच्या टँकरांनी भरलेला रस्ता असतो. तो ओलांडून लहान मुलाला एकटे पाठवायला आई धजत नाही. कलबुर्गीच्या मुलाला निदान शाळेची कन्नड भाषा ओळखीची असते, बंगालच्या मुलाला तीही नसते. आणि या सर्वांवर कळस म्हणजे, इमारत पूर्ण झाली की मुक्काम हलतो. नवा ठेका शहराच्या दुसऱ्या टोकाला असतो किंवा दुसऱ्याच शहरात. वर्षाच्या मध्येच शाळा बदलते, नव्हे, पुष्कळदा संपते.

आता या कारणांची नीट छाननी केली तर एक गोष्ट ध्यानात येते. यांपैकी एकही कारण मुलाच्या मनातले नाही. आळस, नावड, अभ्यासाचा कंटाळा हे शब्द आपण गैरहजर मुलाला सहज चिकटवतो. पण तान्ह्या भावाला सांभाळणारी मुलगी आळशी कशी म्हणावी? ती दिवसभर कामावरच असते. शाळेचे वेळापत्रक आणि तिच्या घराचे वेळापत्रक यांचा मेळ बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग प्रश्न असा उरतो की या दोहोंपैकी कोणी बदलायचे?

महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली गेली आहेत. ज्या वर्षी व्हाइटफील्डची जमीन दिली गेली त्याच वर्षी, १८८२ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले आणि किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात ही सक्ती प्रत्यक्ष लागू केली व १९०६ मध्ये ती संस्थानभर नेली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड, अशी त्यात तरतूद होती. त्या काळी एक रुपया ही लहान रक्कम नव्हती. ज्या समाजात शूद्रातिशूद्रांनी शिकावे हेच मान्य नव्हते, तेथे 'मुलाला शाळेत पाठवणे हे तुमचे कर्तव्य आणि शाळा देणे हे माझे' असे एखाद्या राजाने कायद्याने सांगणे ही फार मोठी गोष्ट होती. तथापि दंडाची एक मर्यादाही आहे. ज्याच्यापुढे पर्याय आहे, त्याच्यावर दंडाचा परिणाम होतो. घरात तान्हे मूल आहे आणि सांभाळायला दुसरे कोणी नाही, तेथे दंडाने मूल शाळेत येत नाही. घरातला रुपया मात्र जातो.

दुसरे उत्तर ठाणे जिल्ह्याच्या (आता पालघर जिल्ह्याच्या) समुद्रकिनाऱ्यालगत सापडले आणि ते आजही ताजे वाटते. ताराबाई मोडक या बालशिक्षणाच्या क्षेत्रात आधीच नावाजलेल्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केले होते. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. शहरातील बालमंदिराची रीत गावात चालेना. चांगली इमारत होती, साधने होती, शिकवणाऱ्या बाई होत्या. पण ज्यांच्यासाठी हे सारे मांडले, त्या दलित वस्तीतील मुलांची पावले तिकडे वळत नव्हती. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द या प्रयोगातून रूढ झाला. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. आज देशाच्या कानाकोपऱ्यांत उच्चारला जाणारा हा शब्द मुळात हजेरीच्या प्रश्नाचे उत्तर होता, याची आठवण फार थोड्यांना असते.

पुढे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या पाड्यांमध्ये गेले. तेथे अडचण आणखी वेगळी होती. मुले दिवसभर गुरे राखत, लाकूडफाटा गोळा करीत. मुली धाकट्या भावंडांना सांभाळीत. या मुलांना गुरे सोडून या, असे सांगणे व्यर्थ होते, कारण गुरे राखणे हाच त्यांच्या घराचा आधार होता. मग शिक्षिका कुरणात गेल्या. गुरे चरत असतील तेथेच झाडाखाली वर्ग भरला. मोजायला दगड आणि बिया, वर्गीकरणाला पाने, लिहायला जमीन. ही 'कुरणशाळा' होय. मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवण्यात आली व तिला 'विकासवाडी' म्हटले गेले. तान्हे भावंड पाळण्यात, मधले बालवाडीत आणि मोठी बहीण वर्गात. दिवसा ज्यांना येणे शक्यच नव्हते त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग होते.

या प्रयोगातील पाळणाघराकडे विशेष लक्ष द्यावे. वरवर पाहता पाळण्याचा आणि पाचवीच्या मुलीच्या गणिताचा काय संबंध? पण तो पाळणा होता म्हणूनच ती मुलगी पाटी हातात घेऊ शकली. व्हाइटफील्डच्या पत्र्याच्या खोलीत भावाला घेऊन बसलेल्या मुलीची अडचण अगदी हीच आहे. बांधकाम मजुरांसंबंधीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्यात तर, जेथे पन्नासाहून अधिक स्त्री-कामगार असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची तरतूद आहे. तो कायदा कामगारकल्याणाचा म्हणून वाचला जातो. माझ्या मते तो हजेरीचाही कायदा आहे.

स्थलांतराचा प्रश्न याहून कठीण. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून दरवर्षी ऊसतोड कामगार साखर कारखान्यांकडे निघतात. दिवाळीच्या सुमारास निघालेली कुटुंबे एप्रिल-मेमध्ये परततात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात. माणसांची मोजदाद अवजाराच्या नावाने होते. मूल जून ते ऑक्टोबर शाळेत जाते. दुसरे सत्र उघडते तेव्हा ते उसाच्या फडात असते. यावर आधी साखरशाळा निघाल्या, म्हणजे मुले जेथे गेली तेथे शाळा गेली. कुरणशाळेचीच ती रीत. पण फडातील कामाला मुलांचे हात लागतातच आणि टोळी जागा बदलते, तेव्हा शाळा मागे राहते. म्हणून पुढे उलट वाटेने जाण्याचा प्रयत्न झाला. मुलांना गावातच ठेवायचे, आजी-आजोबांजवळ किंवा शाळेशी जोडलेल्या हंगामी वसतिगृहात, आणि त्यांच्या जेवणाची सोय करायची. गावच्या शाळेत मूल टिकले तर अभ्यासाची संगती तुटत नाही. मात्र वयात आलेल्या मुलीला मागे ठेवण्यास आईबाप कचरतात आणि मग तिला सोबत नेतात किंवा लवकर लग्न उरकून टाकतात. या एका ठिकाणी वसतिगृहाची भिंत अपुरी पडते, हे मान्य केले पाहिजे.

बंगळूरच्या बांधकामांवरही मजुरांच्या वस्तीजवळ तंबूशाळा चालवल्या गेल्या आहेत. २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा कर्नाटक सरकारने 'विद्यागम' नावाची योजना आणली आणि शिक्षक वस्त्यांमध्ये, देवळांच्या ओवऱ्यांत, झाडांखाली मुलांना शिकवू लागले. संसर्गाच्या भीतीने ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये थांबवावी लागली. परंतु काही आठवडे का होईना, राज्यभरातील शिक्षकांनी मुलांची घरे पाहिली.

भुकेचा आणि हजेरीचा संबंध तर सर्वश्रुत आहे. तरीही त्यातील एक बारकावा सांगण्याजोगा आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशभर माध्यान्ह आहाराची योजना सुरू झाली, तेव्हा बहुतेक राज्यांत शिजवलेले अन्न मिळत नव्हते. ८० टक्के उपस्थिती असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो धान्य घरी मिळे. धान्य कुटुंबात वाटले जाई आणि ते मिळवण्यासाठी मुलापेक्षा पटावरची खूण महत्त्वाची ठरे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांत शिजवलेले अन्नच द्यावे, असा आदेश दिला. बंगळूरमध्ये त्याआधीच, २००० साली, अक्षय पात्र या संस्थेने पाच शाळांतील दीड हजार मुलांपासून गरम जेवण पुरवण्याचा उपक्रम सुरू केला होता. गरम भात महिनाअखेरीस घरी नेता येत नाही. तो मिळवायला मुलाला त्या दिवशी, त्या वेळी, शाळेत असावेच लागते. धान्य पटाला मिळत होते. जेवण मुलाला मिळते.

पट आणि मूल यांच्यातील हे अंतर किती वाढू शकते, याचा अनुभव महाराष्ट्राने २०११ च्या ऑक्टोबरमध्ये घेतला. राज्यभर एकाच वेळी तीन दिवस पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला मतदारांप्रमाणे शाई लावण्यात आली. कित्येक शाळांच्या पटांवर अस्तित्वातच नसलेली मुले निघाली. शिक्षकांची पदे आणि अनुदान पटसंख्येवर ठरत असल्यामुळे खोटी नावे भरली गेली होती. खोट्या नावांचा गाजावाजा झाला, तो होणे आवश्यकच होते. पण खरे नाव असूनही वर्गात नसलेल्या मुलाची चौकशी शाईने होत नाही. त्यासाठी कोणीतरी त्याच्या घरी जावे लागते.

पैशाच्या प्रोत्साहनाचेही प्रयोग झाले. महाराष्ट्रात १९९२ पासून दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसासाठी एक रुपया भत्ता देण्यात येऊ लागला. कल्पना उत्तम होती, परंतु तीस वर्षे तो रुपया रुपयाच राहिला. शाहू महाराजांचा दंडाचा रुपया आणि हा भत्त्याचा रुपया यांच्या मोलात किती अंतर पडले, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

हे पुस्तक वाचणाऱ्यांपैकी अनेकांची शाळा कधीतरी मध्येच सुटली असेल. मुक्त शिक्षणव्यवस्थेत दररोजच्या हजेरीचा आग्रह नाही. शिकण्याची वेळ आणि जागा विद्यार्थ्याने ठरवायची असते. एका अर्थी कुरणशाळेने जे केले तेच ही व्यवस्था मोठ्या वयात करते, म्हणजे घराचे वेळापत्रक प्रमाण मानते. पण लहान वयात वाचन आणि गणित यांचा पाया सोबत्यांमध्ये बसून, शिक्षकाच्या नजरेसमोर जितका सहज घातला जातो, तितका पुढे एकट्याने घालताना फार कष्ट पडतात. ज्यांनी ते कष्ट घेतले आहेत त्यांना हे निराळे सांगायला नको.

म्हणूनच मुक्काम हलवणाऱ्या कुटुंबांसाठी शिक्षणहक्क कायद्यातील काही तरतुदी माहीत असणे उपयोगाचे आहे. हा कायदा २००९ चा असून १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वयोगटातील मुलाला एका सरकारी शाळेतून दुसऱ्या सरकारी शाळेत जाण्याचा हक्क आहे, मग ती दुसऱ्या राज्यात असली तरीही. मुख्याध्यापकाने शाळा सोडल्याचा दाखला त्वरित दिला पाहिजे. दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. जन्माचा पुरावा नाही, हेही नकाराचे कारण होऊ शकत नाही. मूल मागे पडले असेल तर त्याला वयानुसार वर्गात बसवायचे आणि इतरांच्या बरोबरीस येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचे, ही शाळेची जबाबदारी आहे. व्हाइटफील्डची एखादी इमारत पूर्ण होऊन मजुरांचे सामान ट्रकमध्ये चढते, तेव्हा भांड्यांच्या बोचक्यात तो दाखला असला तर उत्तमच. तो नसला तरी पुढच्या गावी, पुढच्या शाळेच्या दारात, त्या मुलीचे नाव पटावर लिहून घ्यावेच लागते आणि दुसऱ्या दिवशी ती आली नाही तर ती का आली नाही, हे विचारायला जावे लागते.